मामा, ह्या गावात बायका नसतात का? – डी अँड डीमधली कॅरेक्टर्स, एनपीसी आणि त्यांची चित्रं करताना

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला पहिल्यांदा डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या मिळून गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या टेबलवर बसवलं. वय तेरा, कॅरेक्टर हाफलिंग "रोग" (म्हणजे बुटक्या जमातीतली चोर, आजार नव्हे), डाइस म्हणजे फासे स्वतःचे, वर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, आणि आमच्याकडे सगळं मराठीतूनच चालतं, फक्त नियमांचे शब्द इंग्रजी. तर सुरू केलं नेहमीसारखं, की तुम्ही वेशीपाशी पोचलात, दोन गार्ड उभे आहेत, आत गेल्यावर लोहार भाता मारतोय, खानावळीचा मालक गल्ल्यावर बसलाय, पारावर एक म्हातारा चिलीम ओढतोय वगैरे वगैरे. पंधरा मिनिटं झाली आणि ती म्हणाली, "मामा, ह्या गावात बायका नसतात का?"

मी हसलो आणि मग खरंच वही उघडून मोजलं. एकोणीस एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायची पात्रं. त्यात बायका दोन. एक खानावळीतली वाढपी, दुसरी किडनॅप झालेली.

आता मी काय मुद्दाम केलं होतं का, तर नाही, आणि तीच तर गोची आहे. मुद्दाम काहीच केलं नाही म्हणूनच ते तसं झालं. डोक्यात जे आपोआप येतं ते वहीत उतरतं आणि आपोआप येणारा बहुतेक वेळा "तो" असतो. तेव्हापासून मी काही सवयी लावून घेतल्यात, त्या इथे लिहितोय. डीएमसाठी आहे, प्लेअरसाठी आहे, आणि कॅरेक्टरचं चित्र काढणाऱ्या किंवा काढून घेणाऱ्यांसाठी तर नक्कीच आहे. क्रम असा काही नाही, जे लागेल ते उचला.

आधी मराठीचं बघा

इंग्रजीत डीएम "द गार्ड इज स्टँडिंग" म्हणून निसटून जातो. गार्ड बाई की बाप्या, कुणाला कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. मराठीत तशी सोय नाही, "उभा आहे" की "उभी आहे" हे वाक्य संपायच्या आत ठरवावंच लागतं. म्हणजे आपल्याला चोरून काही करताच येत नाही, क्रियापदच चुगली करतं. मला हे आधी अडचण वाटायचं, आता वाटतं बरंच आहे, चूक लगेच कानाला लागते. पुढच्या सेशनचं पहिलं दहा मिनिटांचं वर्णन मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि नुसतं ऐका, किती वेळा "तो" आला ते. मी ऐकलं आणि नंतर चहा घेतला.

दुसरी गंमत म्हणजे आपले शब्द. नियमांच्या पुस्तकातला क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, मराठीत आणायला गेलं की एकेकाची शेपटी दिसते. "मांत्रिक" म्हणलं तर थोडा गूढ, जरा भारदस्त माणूस डोळ्यासमोर येतो, आणि "चेटकीण" म्हणलं की लगेच उलटे पाय आणि मोकळे केस. काम तेच आहे हो, दोघं मंत्रच टाकतात. "योद्धा"ला स्त्रीलिंगी रूप शोधायला गेलात तर "वीरांगना" मिळतं, आणि ते ऐकलं की शाळेच्या गॅदरिंगचं बॅनर आठवतं, रोजच्या वापरातली भाडोत्री शिपाई बाई त्यात मावत नाही. आणि "ईण" लावून बघाल तर अजून पंचाईत, "पाटलीण" म्हणजे गावची प्रमुख नाही, पाटलाची बायको! "लोहारीण"चंही तेच, ऐकणारा आपोआप नवऱ्याला ऐरणीपाशी उभा करतो.

माझा उपाय साधा आहे, शब्द बदलूच नका, क्रियापद बदला. "लोहार भाता मारतेय. घामाने पदर चिकटलाय, मान वर न करता विचारते, नाल पाहिजे का पातं?" पहिल्या वेळी पोरं क्षणभर थांबतात, दुसऱ्या वेळी कुणी थांबत नाही. सरपंच हा शब्द आपण असाच वापरतो की, बाई असो नाहीतर बाप्या. (सरपंच बाई आणि कारभार बघणारा त्यांचा नवरा, हा तर गावोगावी बघितलेला प्रकार, त्यावर एक अख्खं राजकीय कॅम्पेन होईल, कुणीतरी करा.) आणि आपल्याकडचे काही शब्द तर सोनं आहेत, सुईण घ्या. गावातल्या प्रत्येकाच्या जन्माची साक्षीदार, झाडपाला येतो, रात्री-अपरात्री एकटी फिरते, कुणाचं पोर कुणाचं आहे हे तिला माहीत. तुमच्या ड्रुइडला (निसर्गाची जादू करणारा) वा क्लेरिकला (देवाच्या शक्तीने बरं करणारा) याहून चांगली पार्श्वभूमी परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

एनपीसीची वही

लिंग पहिलं ठरवू नका आणि स्वतःच्या मनानेही ठरवू नका. मी असं करतो: आधी काम लिहितो, मग त्या माणसाला काय पाहिजे ते लिहितो, आणि मग डी सिक्स, म्हणजे सहा बाजूंचा फासा, टाकतो. विषम आला तर तो, सम आला तर ती. डाइसने जे दिलं ते शक्यतो बदलायचं नाही, बदलावंसं वाटलं तर स्वतःला विचारायचं की का वाटतंय. एकदा मला डाइसने दरोडेखोरांची म्होरकी दिली, साठीची, आणि तिला पाहिजे काय होतं तर नातवाच्या लग्नाला वाजंत्री. माझ्या डोक्याने ही बाई शंभर वर्षांत दिली नसती. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, तिच्याशी लढलीच नाही, लग्नाला गेली.

पण नुसते आकडे जुळवून भागत नाही, हे मला नंतर कळलं. दहा बाया दहा बाप्ये झाले तरी वहीत अजून एक कॉलम काढा, "गोष्टीत हिचं काय होतं". क्वेस्ट म्हणजे मोहीम कोण देतं, पैसे कोण देतं, खोटं कोण बोलतं, मरतं कोण. माझ्या वहीत बाया वाढल्या तेव्हा त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच सेशनला मेल्या होत्या, पार्टीला राग यावा म्हणून.

ही खोड जुनी आहे. डी अँड डीच्या 1983 च्या बेसिक सेटमध्ये नवीन खेळाडूला शिकवायला एक छोटी सोलो गोष्ट होती, त्यात तुम्हाला अलीना नावाची क्लेरिक भेटते, छान बोलते, जखमा बऱ्या करते, नियम समजावते, आणि मग बार्गल नावाचा जादूगार तिला मारून टाकतो. त्या काळात शिकलेले लोक अजून बार्गलचं नाव काढलं की दात खातात, म्हणजे युक्ती चालली यात वाद नाही. पण युक्ती बघा, तिचं मरण तुमच्यासाठी आहे. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, 1981 च्या बेसिकमध्ये नमुन्याची कॅरेक्टर होती मॉर्गन आयर्नवुल्फ, फायटर बाई, आणि खेळाच्या उदाहरणात अख्ख्या पार्टीच्या वतीने बोलणारी तीच. सापळ्यातल्या विषाने मरतो तो ब्लॅक डूगल, बाप्या. म्हणजे "तेव्हाचा काळच तसा होता" हे मला कुणी सांगू नका, दोन्ही त्याच काळातलं आहे.

अजून एक बघायचं, ते म्हणजे बायकांचं राज्य दाखवलं की ते दुष्टच दाखवलंय का. ड्रो ही जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांची जमात आठवा, वरती कोळ्यांची देवी लोल्थ, खाली सत्ता सगळी बायकांच्या हातात, आणि अख्खा समाज क्रूर. एक उदाहरण म्हणून मस्त आहे, मी स्वतः ड्रो आवडीने वापरतो, पण तुमच्या जगात बाईच्या हातात सत्ता असलेलं तेवढं एकच ठिकाण असेल तर आपोआप काय अर्थ निघतो ते टेबलावरची तेरा वर्षांची पोरगी सांगेल. राणी पाहिजेच असेल तर ताराबाई वाचा. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, आणि पुढची सात वर्षं औरंगजेब जिवंत असेपर्यंत हिने मराठ्यांची लढाई चालवली, पोटचं पोर गादीवर बसवून. चांगली की वाईट असा प्रश्नच येत नाही तिथे, डावपेच, हट्ट, भाऊबंदकी, सगळं आहे. अशी क्वेस्ट देणारी मिळाली तर पार्टीला घाम फुटतो.

स्ट्रेंथ कापणं

हे थोडक्यात, कारण यावर टेबलवर वाद घालण्यात मी बरेच शनिवार घालवलेत. कुणीतरी येतोच, "रिअ‍ॅलिझमसाठी बायकांची स्ट्रेंथ कमी पाहिजे". बाबा रे, हे करून झालंय. 1976 मध्ये डी अँड डीच्या ड्रॅगन मासिकात एक लेख आला होता, त्यात बायकांच्या कॅरेक्टरची स्ट्रेंथ एक डी एट आणि एक डी सिक्स टाकून काढायची, म्हणजे कितीही नशीब फळफळलं तरी 14, आणि करिझ्माच्या जागी "ब्यूटी". 1978 च्या प्लेअर्स हँडबुकात माणूस बाई असेल तर स्ट्रेंथची कमाल मर्यादा 18/50, बाप्याला 18/00 (तिरक्या रेघेपुढे टक्के, 00 म्हणजे शंभर). 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा काढली, आणि काढल्यावर कुणाचा ड्रॅगन रुसला नाही. (गंमत म्हणजे त्याच 1989 च्या पुस्तकात एक टीप आहे की सगळीकडे इंग्रजी "ही", म्हणजे "तो"च वापरलंय, समजून घ्या. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने मग प्रत्येक क्लासला एक नमुन्याचं कॅरेक्टर दिलं आणि त्याप्रमाणे सर्वनाम, म्हणजे पॅलाडिन (धर्मयोद्धा) अल्हांड्रा म्हणून पॅलाडिनच्या नियमांत इंग्रजी "शी", म्हणजे "ती", विझर्ड मियाली म्हणून तिथेही "शी". काम झालं की नाही?) ज्या खेळात तीन फुटी हाफलिंग राक्षसाला आडवा पाडतो तिथे रिअ‍ॅलिझम फक्त बायकांच्या दंडापाशीच का जागा होतो, एवढं विचारा आणि पुढचा इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) रोल करा.

आपण बाप्या, कॅरेक्टर बाई (किंवा उलट)

बिनधास्त खेळा. पण आवाज बारीक करू नका, प्लीज. आमच्याकडे एकाने पहिलं सेशन किनऱ्या आवाजात काढलं, सगळे हसले, दुसऱ्या सेशनला तोच कंटाळला आणि कॅरेक्टर बिचारं जोक होऊन बसलं. आवाज तुमचाच ठेवा, फक्त "मी दार उघडते", "मी मागे थांबले" असं बोला, मराठी तुमचं अर्धं काम करते. सुरुवातीला जीभ अडखळते, "उघडतो, सॉरी, उघडते", होतं ते, तासाभरात बसतं.

कॅरेक्टर कागदावर घेताना तीन गोष्टी लिहा: पोट कशावर भरते, घाबरते कशाला, आणि गेल्या आठवड्यात कुणाशी भांडली. "सुंदर" हा शब्द लिहायचा असेल तर शेवटी लिहा, आणि लिहिल्यावर विचारा की ही माहिती कोणाच्या उपयोगाची आहे. चाच्यांची कॅप्टन करायची असेल तर एखाद्या सकाळी मासळी बाजारात जाऊन उभे राहा. गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, अंगावर सोनं, हातात सुरा, एका डोळ्याने गिऱ्हाईक आणि दुसऱ्याने बर्फाची पाटी, भाव खाली पाडून मागितला तर एका वाक्यात तुमची इज्जत काढणार. इंटिमिडेशनला, म्हणजे धाक दाखवायला, अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा) देऊन टाका.

बाप्या कॅरेक्टरकडेही बघा जरा. आमच्या टेबलवरचे सगळे पुरुष फायटर एकाच साच्यातले, आईबाप मेलेले, कमी बोलणारे, बदला घ्यायचाय. एकजण शेवटी वैतागून ड्वार्फ आचारी घेऊन आला, क्लेरिक, बरं करायचे मंत्र सगळे वाटणाघाटणातून, मुलगी लांब शहरात शिकायला गेलीये आणि हा दर सेशनला तिला पत्र लिहितो. दीड वर्षं झालं, तो ड्वार्फ अजून जिवंत आहे आणि पार्टीत कुणालाही त्याला मरू द्यायचं नाहीये.

डीएमसाठी एक वेगळं, टेबलवर मुलगी खेळायला आली की प्रत्येक एनपीसी तिच्या कॅरेक्टरवर लाइन मारायला लागतो, हे बंद करा. तुम्हाला मजा वाटते, तिला तो बसस्टॉप वाटतो. आणि "गेममध्येच होतं ना" हे कारण चालत नाही, खुर्चीवर माणूस खराच बसलेला असतो. यासाठी सेशन झीरो घ्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधी नुसतं बसून बोलायचं. कुठली गोष्ट आपल्या खेळात अजिबात येणार नाही, आणि कुठली येईल पण पडद्यामागे. याला लाइन्स आणि व्हेल्स म्हणतात, पण नाव नाही घेतलं तरी चालेल, मी सरळ विचारतो, "काय नको?" टेबलाच्या मध्ये एक एक्स काढलेलं कार्ड ठेवा, कुणी त्यावर बोट ठेवलं की तो सीन तिथेच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. आमचं कार्ड जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आहे, दोन वर्षांत तीनदा वापरलं गेलं, त्यात एकदा मीच वापरलं.

तो पण नाही, ती पण नाही

2014 च्या प्लेअर्स हँडबुकात सरळ लिहिलंय की कॅरेक्टर करताना स्त्री-पुरुष या दोनच कप्प्यांत अडकायची गरज नाही, आणि एल्फांचा देव कोरेलॉन याचं उदाहरण दिलंय. त्याच वर्षी पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या लोकांनी शार्ड्रा ही ड्वार्फ शामन आणली, ट्रान्स बाई, आणि त्यांच्या ठरलेल्या प्रमुख चेहऱ्यांमधलीच एक, कोपऱ्यातली पाहुणी नाही. तर पुस्तकं तयार आहेत, अडतं ते आपल्या क्रियापदापाशी.

आमच्याकडे एकजण असं कॅरेक्टर घेऊन आलं, नाव नेरिस, एल्फ बार्ड. मी लगेच हुशारी केली, म्हणलं "ते" वापरू, नपुंसकलिंग आहेच की मराठीत, "ते आलं, ते बसलं". खेळणाऱ्याचा चेहरा पडला. बरोबरच आहे, "ते आलं" आपण मांजराच्या पिल्लाला म्हणतो, भुताला म्हणतो. माझी चूक अशी की मी विचारायच्या आधी ठरवलं. मग विचारलं, तर उत्तर आलं की आदरार्थी "ते आले, ते म्हणाले" चालेल, नाहीतर नाव घेत जा.

नाव घेत जायचं ठरवलं तर मराठीत एक चोरवाट आहे, जी मला शाळेत व्याकरणाच्या तासाला कुणी सांगितली असती तर मी जागा राहिलो असतो. भूतकाळात "ने" लागला की क्रियापद करणाऱ्याकडे बघतच नाही. "नेरिसने तलवार काढली, दार ढकललं, दिवा विझवला." तलवार स्त्रीलिंगी, दार नपुंसक, दिवा पुल्लिंगी, क्रियापदं त्यांच्या मागे गेली आणि नेरिस मोकळं... बघा, इथे मीच अडकलो! तर, नेरिसला मोकळीक. भविष्यकाळही असाच आहे, "नेरिस जाईल", "मी उडी मारेन", कुठेच काही कळत नाही. आणि डीएमने विचारताना "तू काय करतोस" ऐवजी "काय करणार?" एवढंच विचारलं की झालं, तसंही आपण तेच विचारतो. अडचण येते ती "गेला-आला-बसला"वाल्या क्रियापदांना, तिथे वाक्य फिरवा, "नेरिसने कोपऱ्यातली खुर्ची पकडली". हळूहळू लक्षात येतं की यामुळे वर्णनच चांगलं होतंय, कारण नुसतं "बसला" म्हणायच्या ऐवजी खुर्ची, कोपरा, हात काहीतरी दाखवावं लागतं.

चित्र काढताना, काढून घेताना

हा भाग जरा लांब आहे कारण इथे माझे पैसे गेलेत.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या पॅलाडिनचं चित्र द्यायचं ठरवलं. ऑनलाइन एक आर्टिस्ट शोधला, हात चांगला होता, आणि मी ब्रीफ, म्हणजे चित्र कसं पाहिजे त्याची माहिती, काय पाठवलं तर "फीमेल ह्यूमन पॅलाडिन, फुल प्लेट आर्मर, लाँग ब्लॅक हेअर, ब्यूटिफुल, हीरोइक पोझ". बारा शब्दांत उरकलं. दहा दिवसांनी चित्र आलं. चिलखताला दोन वाट्या, मधे खाच, पोट उघडं, एक मांडी उघडी, तलवार माइक धरल्यासारखी, आणि कंबर अशी वळलेली की मणका काढून पिशवीत ठेवला असावा. मैत्रिणीने बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "पहिला वार पोटावर, आणि मी गेले". चूक आर्टिस्टची नव्हती हो, मी जागा रिकामी सोडली आणि त्याने ती वर्षानुवर्षं बघितलेल्या चित्रांनी भरली. "ब्यूटिफुल" तर मीच लिहिलं होतं.

दुसरं ब्रीफ, जे मी परत पैसे भरून पाठवलं, ते असं:

"वय 41. उंच, खांदे रुंद, वीस वर्षं ढाल धरून डावा खांदा जरा खाली झुकलेला. नाक एकदा मोडून बसलंय. रंग सावळा, डोळ्यांखाली जागरण. केस घट्ट वेणीत, वेणी चिलखताच्या आत खोचलेली. छातीचा पत्रा एकसंध, बाहेर फुगीर, मधोमध कण्यासारखी धार, वेगळे उभार नकोत. पोट, मांड्या, काखा झाकलेल्या. आत कापूस भरलेलं जाड जाकीट, त्याची मळकी कडा गळ्याशी दिसू दे. दोन्ही पाय जमिनीवर, वजन दोन्हींवर. क्षण: लढाई संपलीये, ती ढालीवरचा चिखल पुसतेय आणि मागून कुणीतरी हाक मारलीये. चेहरा: वैतागलेली, पण आत्ता हसेल अशी."

तोच आर्टिस्ट, आणि जे आलं ते आता फ्रेममध्ये मैत्रिणीच्या हॉलमध्ये आहे. तिची आई पाहुण्यांना सांगते की ही आमच्या हिची आत्या दिसते.

यातून उचलायच्या गोष्टी म्हणजे, एक तर वय लिहा, नाहीतर प्रत्येक बाई बाविशीची येते. शरीरावर कामाची खूण लिहा. पोझ लिहू नका, क्षण लिहा, म्हणजे कॅरेक्टर काहीतरी करताना येईल, बघणाऱ्यासाठी उभं राहणार नाही. आणि चिलखत नीट सांगा. छातीचा पत्रा फुगीर आणि धारेचा असतो तो वार घसरून बाजूला जावा म्हणून, दोन वाट्या केल्या की वार नेमका मधल्या खाचेत, छातीच्या हाडावर येणार. शिवाय आत जाड जाकीट असतं, त्यात सगळ्यांचेच आकार गडप होतात. अख्खं प्लेट चिलखत वीस-पंचवीस किलोचं असायचं, ते घालणाऱ्याच्या मांड्या आणि पाठ तशा दिसू देत. कुणी म्हणेल की खऱ्या चिलखतातही दिखाऊपणा होता, तर होताच, लंडनच्या टॉवरमध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं चिलखत आहे, त्याला जांघेत जो काही उंचवटा केलाय तो बघून ठेवा. तसला आर्मर तुमच्या फायटर बाप्याला देणार असाल तर मग वाट्यांवर मी काही बोलणार नाही.

चित्र तपासायची सोपी युक्ती, तीच पोझ, तेच कपडे डोक्यातल्या डोक्यात पार्टीतल्या दाढीवाल्या फायटरला घाला. हसू आलं तर परत काढा. 2012 च्या सुमारास परदेशी कॉमिक्सवाल्यांनी हॉकआय या पुरुष सुपरहिरोला बायकांच्या पोझमध्ये काढून हाच खेळ केला होता, बघताना पोट दुखेल.

आता याचा अर्थ असा नाही की अंग झाकलं की चित्र चांगलं. पाथफाइंडरमध्ये एकाच चित्रकाराच्या हातची सीला ही पॅलाडिन अख्ख्या चिलखतात आहे, सियोनी ही सॉर्सरर बरीच उघडी आहे, आणि साजन, जो आपल्याकडच्या धाटणीच्या देशातला मंक आहे, तो वरती उघडाच. मला तिघंही चालतात, कारण शंभर कॅरेक्टर्समध्ये वेगवेगळे लोक असणारच, बोंब होते ती एकाच गटातले सगळे एकसारखे दिसले की. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला वेरूळला मिळालं. कैलास लेण्यातली महिषासुरमर्दिनी बघा. अंगावर कपडे म्हणाल तर फारसे नाहीत, पण सिंहावर बसलेली, सगळे हात कामात, समोर महिषासुर, आणि अख्खा दगड तिच्या बाजूने पुढे झुकल्यासारखा. तिथे उभं राहून कुणाला कंबर दिसत नाही, ती आता काय करणार हे दिसतं. ब्रीफबरोबर रेफरन्स पाठवायचाच असेल तर गुगलवरची "फीमेल वॉरियर" नका पाठवू, हा फोटो पाठवा.

नऊवारी पण विसरू नका बरं का. काष्टा घातलेली बाई घोड्यावर बसू शकते, पळू शकते, भिंत चढू शकते, आणि काष्ट्यावर चामड्याचा आर्मर फार भारी दिसतो. फक्त आर्टिस्ट बाहेरचा असेल तर काष्ट्याचा मागून काढलेला फोटो द्या, आम्ही दिला नाही तेव्हा धोतर आणि गाऊन यांचं काहीतरी मधलंच आलं होतं.

एआयने चित्र करणाऱ्यांना एवढंच, तिथे तर रिकामी जागा अजून पटकन भरली जाते. वय, जखम, झाकलेलं पोट, सगळं लिहावं लागतं आणि तरी तिसऱ्या वेळेला लिपस्टिक येतेच.

आणि मिनी, म्हणजे टेबलावर ठेवायच्या कॅरेक्टरच्या छोट्या मूर्ती. थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या मिनी महाग पडतात, आणि तयार सेटमध्ये बायकांच्या निम्म्या मिनींचा एक पाय हवेत असतो, त्यामुळे आम्ही सध्या कॅरमच्या सोंगट्यांवर आहोत. काळ्या म्हणजे शत्रू, पांढऱ्या म्हणजे गावकरी, लाल म्हणजे बॉस. गेल्या शनिवारी मी लाल सोंगटी पुलावर ठेवली आणि अजून काही बोललोही नव्हतो, तर भाची म्हणते, "ती काय करतेय तिथे?" म्हणलं, कोण ती? म्हणे, लाल म्हणजे क्वीन ना. मी वही बघितली, डी सिक्स पाच आला होता, म्हणजे तो. पुलावरचा टोल घेणारा, वय 60, गुडघे दुखतात. तो काही म्हणायच्या आत भाचीने त्याला राणीसाहेब म्हणून मुजरा केला होता आणि परसुएशनला (समजूत घालायला) नॅट ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस, टाकला होता. आता तो टोलवाला स्वतःला राणीसाहेब म्हणवून घेतो आणि ऐकत नाही.